अदलाबदल

वेंडेल केनोराहून आला, थंडर बेपर्यंत सहा तास,
लाकडाच्या ट्रकांच्या मागे मागे,
मागच्या सीटवर त्याचा अ‍ॅम्प
लहान मुलासारखा पट्ट्यानं बांधलेला.

"गाडी बंद करू नकोस," मी म्हणालो,
"उणे एकतीस आहे, पुन्हा उठायची नाही."
इंजिन गरम ठेवायची वायर तो घरी विसरलेला,
टाकी तळाला टेकलेली.
मग गाडी अंगणात घुरघुरत राहिली
आणि आमच्या निर्णयाला
तेवढ्या पेट्रोलाची मुदत मिळाली.

गॅरेजमध्ये दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.
माझा पन्नास वॅटचा, काळा, कोपरे सोललेले,
वजन बत्तीस किलो, माझ्या कमरेला विचारा.
त्याचा पंधरा वॅटचा, मळकं पिवळं कापड,
एक खुंटी आवाजाची, एक टोनची,
आणि एक लाल दिवा, उगाच लुकलुकणारा.

त्याला मोठा हवाय. त्याच्या पोरीचा बँड
आता हॉकीच्या रिंकमध्ये वाजवतो.
मला छोटा हवाय,
असं मी नोव्हेंबरपासून म्हणतोय.
घर विकून दोन खोल्यांत जायचंय आम्हाला,
भिंतीपलीकडे टॉइवोनेनबाई आणि त्यांचं ऑक्सिजनचं यंत्र,
शिवाय माझ्या उजव्या कानात
एक शिट्टी वाजते, ती रात्री थांबत नाही.
म्हणजे हिशेब सरळ आहे.
हिशेब सरळ असला की मला झोप लागत नाही.

पहिलं बटण दाबलं. दुसरं लगेच दाबायचं नाही,
व्हॉल्व्ह आधी तापू द्यायचे.
बंदरावरचा ओरेस्ट सांगायचा,
घाईनं मेलेले व्हॉल्व्ह त्यानं बादलीभर पाहिलेत.
त्या एका मिनिटात कोणी बोलत नाही.
काचेत नारिंगी धागा उजळतो,
जळत्या धुळीचा वास येतो,
आणि ती बारीक गुणगुण सुरू होते,
जिला आमचं कुत्रं गेली नऊ वर्षं
पाठ लावून झोपतं.

आधी मी त्याचा वाजवला.
आवाज खोलीभर पसरला नाही,
समोर येऊन बसला.
हलक्या हातानं स्वच्छ,
जोर दिला की जरा घोगरा,
रडू आवरून बोलणाऱ्या माणसासारखा.
"कसा आहे?" वेंडेल म्हणाला.
"बरा आहे," मी म्हणालो. सौद्यात एवढंच म्हणतात.

मग तो माझ्यावर वाजवायला बसला
आणि मी पेट्रोलचा काटा बघायला बाहेर पडलो.

तेवीस वर्षांत मी तो बाहेरून कधी ऐकलाच नव्हता.
नेहमी पुढ्यात उभा,
पँटला वारा लागेल इतका जवळ.
आता पत्र्यातून, बर्फातून
फक्त खालचे सूर येत होते,
आणि त्यांत तो खर्ज,
जो मी इतकी वर्षं
माझ्या अंगठ्याचा समजत होतो.
वेंडेलचा अंगठा तर साधाच आहे.

वाईट वाटलं.
मग हलकं वाटलं.
मग नाकातले केस गोठले, मी आत आलो.

तो माझ्या अ‍ॅम्पची पाठ उघडून बसलेला, दातांत टॉर्च.
आतल्या लाकडावर चिकटपट्टी आहे,
व्हॉल्व्ह बदलले की मी तिच्यावर तारीख लिहितो,
कधी एखादा शब्दही.
त्याच्या अ‍ॅम्पमध्येही तशीच पट्टी निघाली,
चार वेगवेगळी अक्षरं,
सगळ्यात खाली वेंडेलचं, पेन्सिलीनं,
आणि त्याखाली बोटभर जागा.

"हे काय लिहिलंयस, 'मार्च, माशांचा वास'?"
मी खोकं ओढून बसलो, सांगायला लागलो.
ती गोष्ट लांब आहे,
तिच्यात माझा भाऊ आहे, एक होडी आहे,
आणि एक लग्न, जे नंतर टिकलं नाही.

मधेच बाहेर गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली.
आम्ही दोघांनीही ऐकलं.
कोणी उठलं नाही.